जुनी वर्तमानपत्रे आणि खारजमिनीचा बांध

कोकणच्या खाडीकाठी भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यास दोन पंचांगे पाळावी लागतात. एक नक्षत्रांचे आणि दुसरे भरती-ओहोटीचे. रोहिणी, मृग, आर्द्रा पाहून तो पेरणी व लावणी करतो. अमावास्या-पौर्णिमा पाहून बांधावर फेरी मारतो. देशावरील शेतकऱ्यास आकाशातील पाण्याची चिंता असते; खारेपाटातील शेतकऱ्यास आकाशाची आणि समुद्राची, अशा दोन्ही पाण्यांची चिंता वाहावी लागते.

अलिबाग, पेण, उरण, पनवेल या बाजूची हजारो एकर भातजमीन समुद्राकडून बांध घालून मिळविलेली आहे. जुन्या काळी शिलोत्री पद्धतीने हे बांध उभे राहिले. गावकऱ्यांनी जोळ करून, म्हणजे सर्वांनी मिळून अंगमेहनतीने, ते पिढ्यानुपिढ्या राखले. पुढे १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींविषयी कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा झाला. कायदे झाले, योजना झाल्या. परंतु बांधाच्या बाबतीत एक प्रश्न पूर्वी होता तसाच आजही आहे. बांध किती उंच असावा? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर हाती असावयास पाहिजे. या गावात समुद्राचे पाणी आजवर किती वेळा आले, कोणत्या दिवशी आले आणि कोठवर आले?

हा प्रश्न गावात विचारला म्हणजे जितकी माणसे तितकी उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, रामदास बोट बुडाली त्या साली पाणी देवळाच्या पायरीस लागले होते असे वडील सांगत. दुसरा म्हणतो, ते त्या साली नव्हे, त्याच्या पुढील साली. तिसरा म्हणतो, असे कधी घडलेच नाही. यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. परंतु माणसाच्या स्मरणास तारीख नसते. तारीख असते ती कागदास. गावोगावीच्या बातम्या ज्या कागदावर दीडशे-पावणेदोनशे वर्षे छापल्या गेल्या, ते जुने वर्तमानपत्र किनाऱ्यावरील शेतीच्या अभ्यासाचे एक मोलाचे साधन आहे. त्याकडे आपण, म्हणजे शेतीखात्यात काम करणाऱ्या माणसांनी आणि शेतकऱ्यांनीही, आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे मी माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावी शेतकऱ्यांची सभा होती. बांधाची डागडुजी वेळेवर करावी, हा माझा विषय होता. श्रोत्यांच्या मनावर गोष्ट ठसावी म्हणून मी एक दाखला दिला. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ आले, समुद्राचे पाणी शहरात शिरले आणि एक लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे मी सांगितले. ही माहिती मी एका छापील पुस्तकात वाचली होती. सभेत क्षणभर शांतता झाली आणि मला वाटले, दाखला बरोबर लागला.

सभा संपल्यावर गावातील एक निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले. ते म्हणाले, "साहेब, एक लाख माणसे मेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र आपण पाहिले आहे काय?"

मी म्हणालो, "नाही, गुरुजी."

"मग पाहा," एवढेच ते म्हणाले.

मी पाहिले, आणि जे आढळले त्याने मला खाली पाहावयास लावले. त्या वेळी मुंबईत वर्तमानपत्रांची वाण नव्हती. १८२२ साली निघालेला गुजराती 'मुंबई समाचार' होता. १८३८ साली 'बॉम्बे टाइम्स' म्हणून निघालेले आणि १८६१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया' झालेले इंग्रजी पत्र होते. १८६२ चा 'इंदुप्रकाश' होता. पुण्यास १८४९ पासून 'ज्ञानप्रकाश' चालू होता आणि १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला होता. असे असून जून १८८२ च्या अंकांत एक लाख माणसे मेल्याची बातमी नाही. १८८१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सुमारे ७ लाख ७३ हजार होती. म्हणजे दर आठ माणसांतील एक माणूस एका दिवसात गेला आणि त्याची वार्ता शहरातील पत्रांस लागली नाही, असे मानावे लागेल. हे संभवत नाही.

हा शोध मी लावलेला नाही. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे अॅडम सोबेल आणि त्यांचे सहकारी, ज्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञही होते, यांनी मुंबईस असलेल्या चक्रीवादळाच्या धोक्याचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. १८८२ चे हे वादळ झालेच नाही, असा त्यांचाही निर्णय आहे. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले, तिसऱ्याने छापले. आणि न झालेले वादळ खरे होऊन बसले. त्या साखळीतील एक कडी मीही झालो होतो.

यात कोणी विचारील की, एक खोटा दाखला दिला तर बिघडले काय? बांध नीट राखावा हे तर खरेच ना? बिघडते ते असे. खोट्या वादळाने खऱ्या वादळांची जागा अडविली जाते. १ नोव्हेंबर १८५४ रोजी मुंबईवर खरेखुरे वादळ आले होते. त्यात काही तासांत अपार मालमत्तेचा नाश झाला व हजारावर माणसे दगावली, असे जुन्या ग्रंथांत नमूद आहे. २२ नोव्हेंबर १९४८ रोजी मुंबई व आसपासच्या किनाऱ्यास दुसऱ्या मोठ्या वादळाने झोडपले. या दोहोंची नावे आपल्या सभांतून क्वचितच ऐकू येतात. शिवाय शेतकरी एकदा फसला की दुसऱ्या वेळी खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवीत नाही. ज्याने शेतकऱ्यास सल्ला द्यावयाचा, त्याचा दाखला पारखलेला असलाच पाहिजे.

बातमी नसणे हाही पुरावा, पण केव्हा?

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावयास हवा. मुंबईत एक लाख माणसे मेल्याची बातमी मुंबईच्या पत्रांत नाही, म्हणून ती घटना घडली नाही, असे आपण म्हणू शकतो. परंतु पेण तालुक्यातील एखाद्या गावाच्या बांधास खांड पडून शंभर एकर भात बुडाल्याची बातमी मुंबईच्या पत्रांत नाही, म्हणून बांध फुटलाच नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या पत्रांस जहाजे, गोद्या, रेल्वे आणि व्यापार यांची काळजी होती. कुळाच्या भाताची बातमी आली तर दोन ओळींची येई. बहुधा येतच नसे.

मुरूड, श्रीवर्धन या बाजूची स्थिती आणखी वेगळी होती. तो मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. तेथील हानीची वार्ता ब्रिटिश मुलखातील पत्रांत शोधावयास गेल्यास हाती थोडेच लागेल. उलट १९३७ साली अलिबागेस नारायण नागू पाटील यांचे 'कृषीवल' निघाले. तो चरीच्या शेतकऱ्यांच्या संपाचा काळ होता आणि ज्यांच्या शेतात खारे पाणी शिरते त्यांच्याच प्रश्नांसाठी हे पत्र जन्मास आले होते. साहजिकच जिल्ह्यातीलच पत्र हाती आल्यावर खेड्यापाड्यांतील बातम्या अधिक मिळू लागतात.

यावरून कोणी घाईने असा निष्कर्ष काढील की, पूर्वी बांध फुटत नव्हते आणि नंतर फुटू लागले. तसे मुळीच नव्हे. वाढले ते फुटणे की छापणे, हे आधी पाहावे लागते. एखाद्या दशकात बातम्या अधिक आढळल्या तर त्या दशकात त्या भागात किती पत्रे निघत होती, हे मोजल्याशिवाय बोलू नये. वर्तमानपत्र हे साक्षीदारासारखे आहे. साक्षीदार कोठे उभा होता हे आधी विचारावे आणि मग त्याचे म्हणणे ऐकावे.

तारखेस तिथी जोडा

वर्तमानपत्रातून तारीख मिळाली की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम पंचांग करते, आणि ते खाडीकाठच्या कोणत्याही शेतकऱ्यास येते. त्या तारखेची तिथी काढावी व त्या दिवशी उधाण होते की भांग, हे पाहावे.

मुंबई बंदरात उधाणाच्या भरतीची सरासरी उंची सुमारे ४.४ मीटर आणि भांगाच्या भरतीची सुमारे ३.३ मीटर धरतात. म्हणजे दोहोंत एक मीटरहून अधिक, साधारण साडेतीन फुटांचा फरक आहे. वादळी वाऱ्याने समुद्र जितका फुगतो, तो या भरतीच्या वर फुगतो. तेव्हा तेच वादळ भांगात आले तर पाणी बांधाच्या आत राहील आणि उधाणात आले तर बांध ओलांडून जाईल.

आता आपल्या अलीकडच्या वादळांच्या तारखांस तिथी जोडून पाहू. २२ नोव्हेंबर १९४८ : पौर्णिमा होऊन सहा दिवस झाले होते, म्हणजे भांगाचे दिवस. ११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ : पौर्णिमा होऊन नऊ दिवस, पुन्हा भांगाचाच सुमार. १७ मे २०२१, तौक्ते वादळ : अक्षय्य तृतीया होऊन तीन दिवस झाले होते, भरती भांगाकडे उतरत चालली होती. राहिले ३ जून २०२० चे निसर्ग वादळ. ते पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आले, म्हणजे उधाण चढत होते. परंतु त्या दिवशी मुंबईच्या बाजूस सकाळची भरती दहा-सव्वादहाच्या सुमारास होऊन गेली होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले ते दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, पाणी ओहोटीला लागल्यावर.

शेतकरी बंधूंनो, या चार ओळींचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. "इतकी वादळे आली, पण आमचा बांध टिकला," असे आपण अभिमानाने म्हणतो. बांध टिकला याचे श्रेय आपल्या मेहनतीस आहे, तसेच ते चंद्रासही आहे. चार उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही हे खरे. पण पुढचे वादळही भांगात किंवा ओहोटीतच येईल, असा करार समुद्राने कोणाशी केलेला नाही. निसर्ग वादळ तीन तास आधी आणि दोन-तीन दिवस उशिरा आले असते तर खारेपाटात काय घडले असते, याचा विचार ज्याने त्याने आपल्या बांधावर उभे राहून करावा. केवळ आठवणीवर विसंबलो असतो तर हा धोका आपल्या ध्यानातही आला नसता. तारीख हाती आली म्हणून तो दिसला.

याच कसोटीने १८८२ ची कथाही पाहावी. ६ जून १८८२ रोजी पौर्णिमा होऊन सुमारे पाच दिवस झाले होते. उधाण ओसरत होते. केवळ तेवढ्यावरून ती कथा खोटी ठरत नाही. परंतु पंचांग पाहणाऱ्या माणसाच्या मनात ती ऐकताच शंका यावयास हवी होती. माझ्या मनात ती आली नाही.

कोणते पाणी आत आले?

वर्तमानपत्रे "महापूर", "जलप्रलय", "पाणीच पाणी" असे शब्द सर्रास वापरतात. शेतीच्या दृष्टीने एवढ्याने भागत नाही. किनाऱ्यावर तीन प्रकारची पाणी येतात. पहिले पावसाचे, नदीस पूर येऊन पसरणारे. दुसरे उधाणाचे, वारा-वादळ नसतानाही कमकुवत बांधातून शिरणारे. तिसरे वादळाने लोटलेले समुद्राचे. पुष्कळदा पहिली दोन एकत्र येतात. भरतीमुळे खाडीचे तोंड तुंबते आणि पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पावसाच्या पाण्यास भरतीने असेच अडविले होते.

गोडे पाणी दोन-चार दिवसांत ओसरते, गाळ टाकून जाते आणि भात पुष्कळ वेळा सावरते. खारे पाणी ओसरले तरी मीठ मागे राहते. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त समजतात, आणि भाताचे पीक तर ३ च्या आसपासच कुरकुर करू लागते. रोपावस्थेत व फुलोऱ्यात ते विशेष नाजूक असते.

म्हणून बातमीतील महिना फार मोलाचा आहे. जून-जुलैत खांड पडली व ती लवकर बुजविली, तर पुढील पावसाने क्षार धुऊन निघण्यास वाव असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी शिरले तर उभे पीक तर जातेच. शिवाय धुण्यास पाऊस उरत नाही, उन्हाळ्यात मीठ जमिनीच्या वर येते आणि पुढच्या हंगामाची रोपेही धोक्यात येतात. वर सांगितलेली १८५४, १९४८ आणि २००९ ची वादळे नोव्हेंबरातील आहेत, हे विसरू नये. पावसाळा संपला म्हणजे बांधाची जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या गावांनी या तीन तारखा चावडीवर लिहून ठेवाव्यात. ज्या गावाच्या जुन्या नोंदींत पावसाळ्यानंतर खारे पाणी शिरल्याचे वारंवार आढळेल, त्या गावी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा क्षार सहन करणाऱ्या भातजातींचा विचार आधी व्हावा. सल्ला एकच आणि सर्व गावांस सारखा, असे होऊ नये. आणि गावागावांतील फरक त्या गावांच्या इतिहासावाचून कळत नाही.

वाचताना घ्यावयाची दक्षता

जुनी वर्तमानपत्रे वाचताना मला ज्या अडचणी आल्या त्या येथे देतो. त्यायोगे दुसऱ्याचा वेळ वाचेल.

पहिली अडचण नावांची. 'कुलाबा' म्हणजे मुंबईच्या टोकावरील कुलाबा, जेथे १८२६ पासून वेधशाळा आहे. आणि 'कुलाबा' म्हणजे अलिबागेचा जिल्हा, ज्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. इंग्रजी पत्रांत ही दोन्ही नावे जवळजवळ सारखीच दिसतात. "कुलाब्यास समुद्राने हानी केली" एवढेच वाचून ती हानी अलिबागेच्या खात्यावर टाकू नये. बातमीत आणखी कोणत्या गावाचे वा बंदराचे नाव आहे ते पाहावे.

दुसरी अडचण तारखेची. अंकावरील तारीख ही घटनेची तारीख नव्हे. साप्ताहिकात आठ-दहा दिवसांपूर्वीची हकीकत येई. "गेल्या बुधवारी", "अमावास्येच्या रात्री" असे शब्द शोधून घटनेचा दिवस काढावा.

तिसरी अडचण आकड्यांची. घाईत छापलेला आकडा आणि पंधरा दिवसांनी छापलेला आकडा यांत बरेच अंतर पडते. नंतरचे अंक अवश्य पाहावे. आकडा अधिक भयंकर असेल तर विश्वास अधिक कमी ठेवावा.

चौथी गोष्ट अडचण नसून सोय आहे. ठळक बातमी मिळाली नाही तर मागची पाने पाहावी. बांधाच्या दुरुस्तीची जाहीर निविदा, सारा माफ करण्याविषयीची मागणी, संपादकांस आलेले शेतकऱ्याचे पत्र, यांत पुष्कळ मजकूर दडलेला असतो. मार्चमध्ये बांधाच्या खांडीची निविदा निघाली असेल तर ती खांड त्यापूर्वीच्या पावसाळ्यात पडली असण्याचा संभव मोठा. तसेच "पाणी चार फूट चढले" यापेक्षा "पाणी अमुक देवळाच्या तिसऱ्या पायरीस लागले" ही ओळ अधिक मोलाची समजावी. चार फूट कोठून मोजले हे कोणास ठाऊक; पण पायरी आजही जागेवर असेल तर तिची उंची ओळंबा-पाणसळ लावून आज मोजता येते.

ही पत्रे मिळतात कोठे? मुंबईचे पुराभिलेखागार, १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्था आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणची वाचनालये व स्थानिक पत्रांच्या कचेऱ्या यांतही बांधलेले जुने खंड असू शकतात. तसेच १८६८ पासून मुंबई सरकार देशी भाषांतील पत्रांतील मजकुराचा सारांश दर आठवड्यास इंग्रजीत करून ठेवीत असे. ज्या पत्रांचे मूळ अंक नष्ट झाले त्यांचा आवाज काही अंशी त्या सारांशांत उरला आहे.

एक आक्षेप

आता उपग्रह आहेत, हवामानखात्याचे इशारे आहेत, हैदराबादेहून समुद्राच्या लाटांची सूचना येते. मग वाळवी लागलेले कागद कशास उलगडावे, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर सोपे आहे. इशारा उद्याचे सांगतो. बांध पन्नास वर्षांसाठी घालावयाचा असतो. उद्याच्या इशाऱ्यावरून गुरे हलविता येतात, बियाणे माळ्यावर ठेवता येते. बांधाची उंची ठरविता येत नाही.

मुंबई बंदरात १८७८ पासून भरतीमापक यंत्राची नोंद आहे आणि ती अमूल्य आहे. परंतु ते यंत्र बंदरात पाणी किती चढले ते सांगते. धरमतरच्या खाडीत, अंबेच्या वा पाताळगंगेच्या काठी ते कोणाच्या शेतात शिरले, हे सांगत नाही. ते सांगणारा बातमीदारच. यंत्र आणि बातमी ही एकमेकांची उणीव भरून काढतात. इंग्लंडात साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९१५ पासूनच्या शंभर वर्षांतील किनारी पुरांची सूची २०१५ साली प्रसिद्ध केली. तिच्यात भरतीमापकाचे आकडे आणि वर्तमानपत्रांसारख्या लेखी साधनांतील हकीकती अशाच एकमेकींशी ताडून पाहिल्या आहेत. आपल्याकडे साधने कमी नाहीत. ती एकत्र आणणारे हात कमी आहेत.

गावाची उधाणवही

हे हात कोणाचे असावेत? मोठ्या संशोधकांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. खाडीकाठच्या प्रत्येक गावाने एक उधाणवही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. तिच्यात प्रत्येक घटनेस एक पान द्यावे आणि पुढील गोष्टी लिहाव्यात : घटनेची तारीख व तिथी, पाणी शिरल्याची वेळ आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ, वारा व पाऊस होता की नाही, पाणी गोडे की खारे, बांधास खांड कोठे पडली आणि ती केव्हा बुजविली, पाणी कोठवर आले, त्याची देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, शाळेचा ओटा अशी पक्की खूण, कोणत्या शेतांतील पीक गेले, आणि शेवटी, ही माहिती कोणाकडून वा कोणत्या पत्राच्या कोणत्या तारखेच्या अंकातून घेतली. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते पान कच्चे समजावे. १८८२ ची कथा इतकी वर्षे जगली ती याच रिकाम्या रकान्यामुळे.

गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस एक विनंती आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीस जाल तेव्हा एक तास वाचनालयात काढावा. प्रत्येक वर्षाचे सगळे अंक चाळण्याची गरज नाही. गावातील वृद्धांस विचारून चार-पाच संशयित साले घ्यावीत आणि त्या सालांतील अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या आठवड्याचे अंक आधी पाहावे. मग वादळांच्या तारखांपुढचे अंक पाहावे. मजकूर हाताने उतरवून घ्यावा किंवा फोनवर छायाचित्र काढावे; पान मुडपू नये, कारण तो कागद पिचलेला असतो. शाळेतील वरच्या वर्गाची मुले या कामी उत्तम उपयोगी पडतात. वृद्धांच्या आठवणीची आणि कागदाची गाठ घालून द्यावी; त्यांस खोटे पाडण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या आठवणीस तारीख मिळवून देण्यासाठी.

आणि आजची नोंद आजच नीट ठेवावी. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात एका गावच्या पंचनाम्यात मी पाहणीचा दिवस लिहिला. पाणी शिरल्याचा दिवस लिहिला नाही. पाण्याची चव विचारली नाही, भरतीची वेळ लिहिली नाही. कारणापुढे "अतिवृष्टी" असा एकच शब्द लिहून मोकळा झालो. दोन वर्षांनी तेथील बांधाचा प्रश्न निघाला तेव्हा, शेते पावसाने बुडाली होती की बांधातून आलेल्या खाऱ्या पाण्याने, हे माझ्या कागदावरून कोणासही सांगता येईना. बांध कमकुवत आहे हे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. आणि माझा स्वतःचा कागद त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होता. सही माझी, नुकसान त्यांचे. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या अनाम बातमीदाराने दोन ओळींत जेवढे नेमके लिहिले असते, तेवढे मी पूर्ण पानभर लिहून सांगितले नव्हते.

तेव्हा या पावसाळ्यापूर्वी खाडीकाठच्या प्रत्येक गावाने निदान एक वही विकत घ्यावी. पहिल्या पानावर ३ जून २०२० ची हकीकत लिहावी. ती सर्वांस अजून आठवते आणि साक्षीदार हयात आहेत. तेथून मागे जावे : २००९, १९४८, आणि त्याही मागे, जेथवर कागद नेईल तेथवर. वही भरत गेली म्हणजे बांधाची उंची ठरविताना गावकऱ्यांस कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. ते वही उघडून पायरी दाखवतील आणि म्हणतील, पाणी येथवर आले होते, भांग असताना. उधाणात किती येईल, ते धरून बांध घाला.